नाण्यावरचा रंग आणि रंगाचा भाव

1881 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने चांदीचे 1 कोटी 27 लाख 60 हजार डॉलर पाडले. मॉर्गन डॉलर म्हणतात तेच हे नाणं. वजन 26.73 ग्रॅम, 90 टक्के चांदी, एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. त्या वर्षीचा ठसा सुरेख उठलेला आहे आणि त्यातली पुष्कळ नाणी वापरात न येता पोत्यांत पडून राहिली, त्यामुळे अगदी कोरं नाणंसुद्धा आज सहज मिळतं. पांढरंशुभ्र, 70 पैकी 65 दर्जाचं नाणं अनेक वर्षं दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास मिळत आलं. पण त्याच वर्षाचं, त्याच टांकसाळीचं, त्याच दर्जाचं, मात्र अंगावर सोनेरी, किरमिजी, निळे, हिरवे पट्टे चढलेलं नाणं लिलावात आलं की बोली हजारांत जाते, कधी अनेक हजारांत. धातू तोच, वर्ष तेच. वाढीव पैसे जातात ते चांदीवर बसलेल्या एका पातळ थरासाठी. हाच थर देव्हाऱ्यातल्या चांदीच्या निरांजनावर बसला तर आपण रांगोळी घेऊन घासायला बसतो.

संग्राहक याला टोनिंग म्हणतात. या रंगासाठी जास्त पैसे मोजणं शहाणपणाचं की नाही, यावर अमेरिकेतले नाणेसंग्राहक कित्येक वर्षं हिरिरीने भांडत आले आहेत. एक बाजू म्हणते, प्रत्येक रंगीत नाणं हे एकमेव असतं, त्याला भावपत्रक लागू होत नाही. दुसरी बाजू म्हणते, हा शेवटी चांदीचा काळेपणाच, फक्त वाटेत देखणा दिसणारा. आपल्याकडे राणीछाप रुपये जमवणाऱ्यांच्या तोंडीही आता टोनिंग हा शब्द रुळला आहे आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीतली, म्हणजे स्लॅबमधली, नाणी आपल्या लिलावांत दिसू लागली आहेत. म्हणून हा वाद एकदा मुळापासून तपासावासा वाटला.

माझं मत आधीच सांगतो. सामान्य नाण्यांवरच्या रंगाला संग्राहक बहुतेकदा जास्त पैसे मोजतात. खऱ्या दुर्मीळ नाण्यांवरच्या जुन्या रंगाला मोजलेले पैसे मात्र मला बहुतेकदा रास्त वाटतात. बाहेरच्या माणसाचा समज नेमका उलटा असतो. लाखो डॉलरची बोली त्याला वेडेपणा वाटते आणि दोन हजारांची बोली हौस.

आधी रंग येतो कुठून ते पाहू, कारण भावाचं सगळं गणित त्यातच दडलेलं आहे. चांदीला हवेतला ऑक्सिजन फारसा बाधत नाही, तिला बाधतो गंधक. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंशी संयोग होऊन तिच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा राहिला तर काळा पडतो तो यामुळे. थर जाड झाला की काळाच दिसतो. पण तो अगदी पातळ, नॅनोमीटरांत मोजावा इतका असतो तेव्हा प्रकाशाचा एक भाग थराच्या वरून परततो आणि एक भाग थर ओलांडून खालच्या धातूवरून परततो. परतणाऱ्या या दोन लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग मावळतात, काही उजळतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडलं की जो रंगीत तवंग दिसतो, त्याचं कारणही हेच.

यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही थेट खिशाशी निगडित आहेत. थर वाढतो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, किरमिजी, जांभळा, निळा. पुढच्या फेरीत पुन्हा पिवळा आणि किरमिजी, आणि बऱ्याच उशिरा हिरवा. म्हणून नाण्यावर पिवळ्याला लागून मधले रंग गाळून एकदम गडद निळा आला असेल तर जाणता माणूस थबकतो. शिवाय हे रंग पाहण्याच्या कोनावर बदलतात. एका कोनातून मोरपिसासारखं दिसणारं नाणं जरा कललं की राखाडी दिसतं. आणि थर आजचा थर म्हणून थांबत नाही. गंधक मिळत राहिला तर तो वाढतो, आणि त्याचा शेवट काळ्यातच आहे. स्लॅब हवाबंद नसतो, हे विकत घेणाऱ्या अनेकांना माहीतही नसतं.

आता हा गंधक नाण्यापर्यंत पोचला कसा, ती गोष्ट मला या विषयात सर्वांत आवडते. मॉर्गन डॉलर 1878 पासून लाखोंनी पाडले गेले, कारण सरकारने दरमहा ठरावीक चांदी विकत घेऊन नाणी पाडावीत असा कायदाच होता. लोकांना एवढ्या जड नाण्यांची गरज नव्हती. हजार हजार नाणी कॅनव्हासच्या पोत्यांत भरून तिजोऱ्यांत रचली गेली. 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून जास्त डॉलर वितळवले, तरी पोती उरलीच. ती थेट 1960 च्या दशकात बाहेर आली. कागदी नोटेच्या बदल्यात चांदीचे डॉलर मिळायचे म्हणून लोकांनी रांगा लावल्या आणि मार्च 1964 मध्ये सरकारने ही देवघेव बंद केली. नेवाडातल्या रेनो गावी लावेर रेडफील्ड नावाचा माणूस 1974 मध्ये वारला तेव्हा त्याच्या घरात चार लाखांहून जास्त चांदीचे डॉलर निघाले.

या पोत्यांत साठ-सत्तर वर्षं जे नाणं कापडाला टेकून होतं, त्यावर कापडातल्या गंधकाने रंग चढवला. काही नाण्यांवर कापडाची वीण तशीच उमटलेली दिसते. अर्धं नाणं दुसऱ्या नाण्याखाली झाकलेलं असेल तर झाकलेला भाग पांढरा राहतो आणि उघड्या भागावर रंगाची चंद्रकोर उमटते. उठावाच्या अक्षरांमुळे कापड लगतच्या खोलगट भागाला टेकत नाही, म्हणून अक्षरांभोवती एक बारीक, रंग न चढलेली किनार राहते. कागदी गुंडाळीतल्या टोकाच्या नाण्याची एकच बाजू रंगते. वेट रेमंड यांच्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये ठेवलेल्या नाण्यांवर रंग कडेकडून आत सरकत गेला, म्हणून तिथे वर्तुळात वर्तुळ दिसतं. अमेरिकी टांकसाळीने 1947 ते 1958 या काळात नाण्यांचे वार्षिक संच पुठ्ठ्यात घालून विकले, त्यांतली नाणीही अशीच रंगली. म्हणजे रंग वाचता येतो. नाण्याचा मुक्काम कुठे होता, किती वर्षं कुणी हात लावला नाही, याची ती नोंद असते. रंगाला किंमत का असावी, याचं मला पटलेलं एकमेव भक्कम कारण हेच आहे.

ही नोंद पूर्वी कुणाला नको होती. एकोणिसाव्या शतकात नाणं घासून चकचकीत करणं ही काळजी घेण्याची रीत मानली जात असे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचा स्वतःचा संग्रह, जो 1923 मध्ये स्मिथसोनियनकडे गेला, त्यातल्या नाण्यांनाही पॉलिश झालेलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत पांढऱ्या नाण्याची मागणी शिगेला पोचली. थायोयुरिया घातलेल्या आम्लद्रावात नाणं क्षणभर बुडवायचं, धुवायचं, की काळेपणा गेला. पण सल्फाइडच्या थरात चांदी असते. थर गेला की तेवढी चांदी गेली. नाण्यावर ठसा बसताना धातू वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. कोऱ्या नाण्याची फिरती चकाकी याच रेषांमुळे असते. दोन-चार वेळा बुडवलेल्या नाण्यावरच्या या रेषा झिजतात आणि नाणं पांढरं असूनही निस्तेज होतं. इंग्लंडमध्ये तेवढा सोस नव्हता. तिथे महोगनी लाकडाच्या कप्प्यांत वर्षानुवर्षं ठेवलेल्या नाण्यांवरचा करडा-निळा रंग संग्राहक आधीपासून जपत आले. लिलावाच्या यादीत त्याचा आवर्जून उल्लेख होई.

अमेरिकेतली हवा बदलली ती 1980 नंतर. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी सुचवली होती. पुढे तीच सगळ्या नाण्यांना लागू झाली. 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या कंपन्यांनी नाण्याला दर्जा देऊन स्लॅबमध्ये बंद करायला सुरुवात केली. आता न पाहता, आकड्यावर भरवसा ठेवून दूरच्या गावाहून खरेदी करता येऊ लागली. आणि आकडा सारखाच असलेली दोन नाणी शेजारी ठेवल्यावर डोळा कुठे वळतो, हा प्रश्न उभा राहिला. एनजीसीने देखण्या नाण्याच्या आकड्याला तारा जोडायला सुरुवात केली. 2007 पासून सीएसी ही तिसरी संस्था आधीच दर्जा मिळालेली नाणी पुन्हा पाहून पसंत पडलेल्यांवर हिरवी चिकटपट्टी लावू लागली. पांढऱ्याच्या हव्यासाने कित्येक पिढ्यांनी जो रंग धुवून टाकला, तो उरलेल्या थोड्या नाण्यांवर आता दुर्मीळ ठरला.

पण तो एका दुपारीत तयारही करता येतो. इथेच सगळं अवघड होऊन बसतं. भट्टीची आच, गंधकयुक्त रसायन, गंधक असलेला कागद, नुसती बंद डबी आणि अंडं, काहीही चालतं. तयार होणारा थर बहुतेकदा तोच, सिल्व्हर सल्फाइडचाच. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पोत्यात सत्तर वर्षांनी आलेला निळा आणि स्वयंपाकघरात दोन तासांत आलेला निळा यांत भेद नाही. भेद आहे तो काळाचा आणि हेतूचा, आणि या दोन्ही गोष्टी भिंगातून दिसत नाहीत. दिसतात ती फक्त लक्षणं. रंगांचा क्रम, चकाकी थराखालून फिरते की थरावर रंग तरंगल्यासारखा वाटतो, अक्षरांभोवतीची किनार, झिजलेल्या किंवा आधी धुतलेल्या नाण्यावर अचानक आलेला झगमगाट. म्हणून दर्जा देणाऱ्या कंपन्या ‘नैसर्गिक’ असा शिक्का मारतच नाहीत. बाजाराला हा रंग मान्य होईल का, एवढंच त्या ठरवतात. नाही वाटला तर शंकास्पद रंग म्हणून आकडा नाकारतात. आज नाकारलेलं नाणं तीन महिन्यांनी पुन्हा पाठवलं की मान्य होतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. 2010 मध्ये पीसीजीएसने नाण्यांवर कारागिरी करून ती दर्जासाठी पाठवल्याच्या आरोपावरून काही व्यापाऱ्यांवर खटलाही भरला होता.

तांब्याचं याहून नाजूक. तिथे लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी अशी वेगळी वर्गवारी आहे आणि लालपणावर किंमत अनेक पटींनी बदलते. 1909 ते 1916 या काळात लिंकन सेंटांची प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली पण चकचकीत न केलेली, नाणी टांकसाळीने पातळ कागदात गुंडाळून दिली, त्यांतल्या काहींवर निळा-जांभळा रंग खरोखर त्या कागदाने चढवला. पण बाजारात मिळणाऱ्या एका साफ करण्याच्या द्रावाने तपकिरी सेंट तसाच निळा-जांभळा होतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. पीसीजीएसने 2010 पासून तांब्याच्या रंगाची हमी देणंच सोडलं. यावरून मी एवढंच समजतो की ज्यांनी लाखो नाणी हाताळली, त्यांनाही तांब्याचा रंग उद्या कसा असेल हे सांगायची तयारी नाही. चमकदार जांभळ्या सेंटासाठी मोठी रक्कम मोजणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आता भावाकडे येऊ. माझ्या मते सामान्य नाण्यांवर जास्त पैसे जातात त्याचं मुख्य कारण एकाच रंगाचे पैसे दोनदा मोजले जातात. समजा, एक मॉर्गन डॉलर ओरखडे आणि ठशाच्या उठावावरून 65 दर्जाचा आहे. पण रंग इतका सुंदर की पाहणाऱ्याने त्याला 66 दिले. असं होतं, हे कंपन्याही नाकारत नाहीत. नाण्याचं एकूण रूप हा दर्जाचाच भाग आहे, असं त्या म्हणतात. घेणारा भावपत्रकात 66 चा भाव पाहतो. त्या आकड्यात रंगाचे पैसे आधीच धरलेले असतात. मग तो म्हणतो, ‘एवढा रंग आहे, तर या भावाच्या तिप्पट द्यायला हरकत नाही.’ रंगाने आकडा वाढवला आणि वाढलेल्या आकड्याला पुन्हा रंगाने गुणलं. व्यापाऱ्यांमध्ये 1963 पासून चालणारं ग्रेशीट नावाचं भावपत्रक साध्या दिसण्याच्या नाण्यांचे भाव देतं. रंगीत नाण्यांना त्यात जागा नाही. त्यामुळे गुणाकार किती पटींचा, हे ठरवायला घेणाऱ्याकडे दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच नाण्यासाठी मोजलेली रक्कम एवढाच आधार असतो.

सराफाकडे दागिना घेताना आपण सोन्याचा भाव वेगळा विचारतो आणि घडणावळ वेगळी. मोड घालायला गेलं की घडणावळ परत मिळत नाही, हे घरातल्या सगळ्यांना कळतं. रंगीत नाण्यात ही दोन खाती वेगळी मांडलेली नसतात आणि घेणाऱ्याला वाटतं की सगळीच रक्कम सोन्याची आहे. मी स्वतः सहा-सात वर्षांपूर्वी न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा एक डॉलर फोटो पाहून घेतला होता. फोटोत मोरपंखी, हातात राखाडी. खिडकीशी एका ठरावीक कोनात धरला की रंग दिसे, तेवढाच. फोटो खोटा नव्हता, त्या कोनातला होता. विकायला काढला तेव्हा पहिल्या तिघांनी साध्या नाण्याचा भाव सांगितला. त्यातला एकही चुकला, असं मला आज वाटत नाही.

लिलावाचा स्वभावही यात भर घालतो. 1971 मध्ये एका तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल एक निरीक्षण मांडलं. तेल किती आहे हे कुणालाच नक्की माहीत नसतं, प्रत्येक जण अंदाज करतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तोच बोली जिंकतो. म्हणजे जिंकणं हाच जास्त मोजल्याचा पुरावा ठरतो. नाण्याच्या रंगाला हे अर्धंच लागू पडतं. तो निळा रंग पाहून तुम्हाला जो आनंद होतो तो तुमचाच आहे. इतर कुणाला तो झाला नाही म्हणून तुमचा अंदाज चुकला, असं होत नाही. हौसेला मोल नाही, हे म्हणणं इथे शब्दशः खरं आहे. पण ज्या क्षणी तुम्ही म्हणता की ‘पैसे कुठे जातायत, उद्या विकता येईल’, त्या क्षणी तुम्ही तेलवाल्यांच्या रांगेत जाऊन बसलात. उद्या विकताना तेवढाच वेडा दुसरा माणूस हवा, आणि त्याला चढवत नेणारा तिसराही हवा. एखाद्या विशिष्ट रंगामागे धावणारे जगात पाच-सातच असतील आणि त्यातल्या दोघांनी जमवणं सोडलं, तर भाव खाली येत नाही, कोसळतो.

मग दुर्मीळ नाण्यांचं काय? इथे चित्र बदलतं. सेंट लुईसचे नाणेसंग्राहक एरिक न्यूमन 1911 मध्ये जन्मले आणि 2017 मध्ये, 106 वर्षांचे होऊन गेले. त्यांनी घेतलेली अनेक नाणी कर्नल ग्रीन यांच्या संग्रहातली होती. ग्रीन 1936 मध्ये वारले. म्हणजे ही नाणी दोन माणसांच्या हातांत जवळपास शतकभर होती, आणि न्यूमन यांनी ती साध्या कागदी पाकिटांत ठेवली, कधी आम्लात बुडवली नाहीत. नोव्हेंबर 2013 मध्ये त्यातला 1796 चा पाव डॉलर लिलावात आला. त्या वर्षी असे 6,146 च पाव डॉलर पाडले गेले होते. दर्जा 67 च्याही वर, सोबत तारा, अंगावर जुना रंग. तो 15 लाख 27 हजार 500 डॉलरला गेला. यातला रंगाचा वाटा किती आणि दुर्मीळतेचा किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि मला वाटतं काढूही नये. कारण इथे रंग काहीतरी सिद्ध करतो. दोनशे वर्षं या नाण्याला कुणी घासलं नाही, याची साक्ष तो रंग देतो आणि पाकिटांचा, मालकांचा लेखी माग त्या साक्षीला दुजोरा देतो. एवढी जुनी नाणी बहुतेक धुतलेली असताना न धुतलेलं नाणं ही स्वतःच एक वेगळी दुर्मीळता आहे. भट्टीतल्या रंगाला हा माग नसतो.

तरी याचा अर्थ दुर्मीळ रंगीत नाण्यात पैसे वाढतातच, असा कुणी घेऊ नये. सर्वांत प्रसिद्ध अमेरिकी नाण्याचा, 1804 च्या डॉलरचा, दाखला पाहा. त्यातली मूळ नाणी खरं तर 1834-35 मध्ये, राजनैतिक भेटींसाठी पाडली गेली. मस्कतच्या सुलतानाकडे गेलं असं मानलं जाणारं नाणं ज्ञात नमुन्यांत सर्वोत्तम, 68 दर्जाचं, गडद जुन्या रंगाचं आहे. (सयामच्या राजाला भेट द्यायच्या नाण्यांचा दुसरा संच घेऊन जाणारं ‘पीकॉक’ हे जहाज मस्कतनंतर 1835 च्या अखेरीस दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होतं, हे वाचल्यापासून भाऊच्या धक्क्याकडे जाताना मला त्या संचाची आठवण येते.) मस्कतचं नाणं 1999 मध्ये 41 लाख 40 हजार डॉलरला विकलं गेलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये 76 लाख 80 हजारांना. ऐकायला छान वाटतं. पण पहिल्या रकमेत 36 लाखांच्या बोलीवर 15 टक्के कमिशन आहे, दुसरीत 64 लाखांच्या बोलीवर 20 टक्के. घेणाऱ्याने 41.4 लाख दिले आणि विकताना त्याला बोलीची 64 लाखांची रक्कम मिळाली असं धरलं, तर 22 वर्षांत वाढ वर्षाला सुमारे 2 टक्के पडते. त्याच काळात अमेरिकेतल्या किमती साधारण 1.6 पट झाल्या. म्हणजे 1804 च्या डॉलरचा सर्वोत्तम नमुनाही महागाईच्या किंचित मागे राहिला. न्यूमन यांच्या पाव डॉलरच्या रकमेतही 13 लाखांच्या बोलीवर साडेसतरा टक्के आहेत. संग्राहक जास्त पैसे मोजतात का, या प्रश्नात रंगाइतकाच हा कमिशनचा भाग धरायला हवा, आणि तो वाढत गेला आहे.

पुन्हा सामान्य नाण्यांकडे वळायचं तर, मॉर्गननंतरचे पीस डॉलर नावाचे चांदीचे डॉलर क्वचितच देखणे रंगतात, त्यामुळे भडक रंगाचा पीस डॉलर दिसला तर माझा पहिला विचार संशयाचा असतो. अमेरिकी टांकसाळीच्या आजच्या, ईगल नावाच्या चांदीच्या नाण्यांवरच्या इंद्रधनुष्याबद्दलही तेच. त्यासाठी चांदीच्या भावापलीकडे काही देऊ नये.

भारतातल्या संग्राहकासाठी गणित थोडं वेगळं आहे. आपला राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा, त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी. 1840 पासून राणीच्या नावाने तो कोट्यवधींनी पाडला गेला, पण आपल्याकडे तो तिजोरीच्या पोत्यात राहिला नाही. तो लक्ष्मीपूजनाच्या ताटात गेला, हळदी-कुंकवात भिजला, चिंचेने धुतला गेला, कडी लावून गळ्यात घातला गेला, सराफाच्या आम्लातून निघाला. मूळचा रंग टिकलेला रुपया म्हणूनच अमेरिकी डॉलरपेक्षा किती तरी कमी दिसतो. बाजार मात्र अजून या फरकाला पुरेसे पैसे मोजत नाही. लखलखीत घासलेला रुपया अजूनही नवख्याला जास्त भावाने विकला जातो आणि काळसर, चकाकी शाबूत असलेला रुपया बाजूला पडतो. म्हणून ‘जास्त पैसे मोजतात का’ या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर मी असं देईन: घासलेल्या नाण्याला आपण जास्त मोजतो, न घासलेल्याला कमी. परदेशी पद्धतीचा भडक रंग आपल्या रुपयांवर दिसला तर मात्र जपून. तो मोठ्या बाजारासाठी तयार केलेला असण्याची शक्यता भरपूर आहे. आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत, रबरबँड आणि वर्तमानपत्राच्या सोबतीत ठेवलेलं नाणं वेगाने काळवंडतं, हे घेण्याआधी ध्यानात घ्यावं. रबरातही गंधक असतो.

घ्यायचंच असेल तर नाणं हातात घेऊन, एका पिवळ्या दिव्याखाली सावकाश फिरवून पाहा. सगळ्या कोनांत थोडा तरी रंग टिकला पाहिजे आणि चकाकी रंगाखालून फिरली पाहिजे. दुरून घेत असाल तर फोटोऐवजी फिरवलेल्या नाण्याची चित्रफीत मागा. ते नाणं पांढरं असतं तर किती द्यावं लागलं असतं, ती रक्कम आधी कागदावर लिहा, एक दर्जा खाली धरून. तिच्या वर जे द्याल ते घडणावळ समजा. ते परत आलं नाही तरी चालेल, असं मनापासून वाटत असेल तरच द्या. नाण्याच्या मागच्या मालकांचा लेखी माग असेल तर जास्त देणं रास्त आहे, आणि नाणं मुळातच दुर्मीळ असेल तर आणखी रास्त.

आणि घरातल्या पेटीत आजीचे राणीछाप रुपये असतील, तर येत्या लक्ष्मीपूजनाला ते चिंचेने घासू नका. आहेत तसेच कोरड्या, साध्या कागदात गुंडाळून ठेवा.